दगड खाली ठेवण्याचा उपवास



प्रायश्चित्तकाळ आला की घरोघरी संकल्प होतात. कोणी मांसमच्छी सोडतो, कोणी दारू-तंबाखू सोडतो, कोणी शुक्रवारची क्रूसाची वाट एकदाही चुकवायची नाही असे ठरवतो. अलीकडे या यादीत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. आमच्या भगिनी सांगतात, "फादर, यंदा चाळीस दिवस मालिका बंद." संकल्प चांगलाच आहे. ज्यांना झेपेल त्यांनी तो जरूर पाळावा. परंतु आज आम्ही एक निराळा उपवास सुचवणार आहोत, आणि तो समजावून सांगण्यासाठी आम्हांला त्या मालिकांचाच आधार घ्यावा लागणार आहे.

संध्याकाळी घरोघरी जपमाळ होते. ती संपली की टीव्ही लागतो. कुटुंबभेटीला आलो की आमच्याही कानांवर मालिकांमधले संवाद पडतात. पण त्याहून मोठ्याने ऐकू येतात ते समोर बसलेल्यांचे शेरे. पडद्यावर 'ती' आली की घरातला आवाज चढतो. 'ती' म्हणजे दुसरीच्या नवऱ्याला नादी लावणारी. 'बघा कशी नटून आली', 'हिला तर झाडूने मारायला हवे', आणि याहून पुढचे, जे या पत्रकात छापता येणार नाही, असे पुष्कळ काही बोलले जाते. पाच मिनिटांपूर्वी ज्या जिभेने पन्नासहून अधिक वेळा 'नमो मरिया' म्हटले, त्याच जिभेने.

कोणी म्हणेल, फादर, ती बाई खोटी, तिची गोष्ट खोटी. तिला शिव्या दिल्या तर कोणाचे काय बिघडले? बरोबर आहे, बाई खोटी आहे. पण आपली जीभ खरी आहे आणि तिला लागणारे वळणही खरे आहे. पडद्यावरच्या बाईवर जे शब्द आपण घासूनपुसून तयार ठेवतो, तेच पुढे वाडीतल्या एखाद्या खऱ्या बाईच्या अंगावर जातात. म्हणून या गोष्टीचा विचार करायला हवा.

दोन मालिका, दोन स्त्रिया

'माझ्या नवऱ्याची बायको' ही झी मराठीवरची मालिका २०१६ ते २०२१ अशी चालली. राधिका, तिचा नवरा गुरुनाथ आणि त्या दोघांमध्ये आलेली शनाया ही तीन माणसे आपल्यापैकी अनेकांना शेजारपाजारच्या माणसांसारखी ओळखीची झाली होती. शनाया आळशी, पैशाला हपापलेली, नटवी. तिची फजिती झाली की आपण हसायचो, तिचा डाव साधला की चिडायचो. पण तिच्या मनात काय आहे, तिला कशाची भीती वाटते, याची मालिकेने फारशी विचारपूस केली नाही. आपणही केली नाही.

त्यानंतर २०१९ च्या डिसेंबरमध्ये स्टार प्रवाहवर 'आई कुठे काय करते' सुरू झाली आणि २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत चालली. मूळ कथा बंगाली. तिकडे 'श्रीमोयी', हिंदीत 'अनुपमा'. अरुंधतीने पंचवीस वर्षे संसार केला आणि तिच्या नवऱ्याचे, अनिरुद्धचे, ऑफिसातल्या संजनाशी संबंध आहेत हे उघडकीस आले. इथेही आपल्या शिव्या पहिल्यांदा संजनाला बसल्या. पण या मालिकेने एक वेगळी गोष्ट केली. तिने आपल्याला संजनाच्या घरात नेले. तिचाही मोडलेला संसार दाखवला, शेखर हा नवरा दाखवला, निखिल हा मुलगा दाखवला. अनिरुद्धने घटस्फोट घेऊन तिच्याशी लग्न केले. जे हवे होते ते मिळाले. मग पुढे काय झाले? सासरी तिची तुलना अरुंधतीशी होऊ लागली. नवऱ्याचे लक्ष पुन्हा पहिल्या बायकोच्या मागे धावू लागले. ज्या जागेवरून तिने दुसरीला उठवले, त्या जागेवर बसल्यावर तिला कळले की तिथे बसणाऱ्या बाईचे काय होत होते. हे पाहताना कितीतरी घरांत एक वाक्य ऐकू आले असेल: "बिचारी, हिचेही काही खरे नाही."

हे 'बिचारी' फार मोलाचे आहे. त्या एका शब्दात आपण दगड खाली ठेवतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा नाटकाविषयीचा विचार आम्हांला वाचावा लागला. तेवीसशे वर्षांपूर्वीचा तो ग्रीक तत्त्वज्ञ सांगतो की निव्वळ दुष्ट माणसाचा सत्यानाश पाहून आपल्याला ना दया येते ना भीती वाटते. जो माणूस आपल्यासारखा, थोडा चांगला आणि थोडा चुकणारा, त्याचे पतन पाहिले की आपण आतून हलतो. दया त्याच्यासाठी, भीती स्वतःसाठी. शनायाकडे पाहून कोणाला भीती वाटली नाही. संजनाकडे पाहून वाटली. कारण एकटे पडल्यावर, उतारवय दिसू लागल्यावर, कोणी प्रेमाने चार शब्द बोलले तर आपलाही पाय घसरू शकतो, हे मनात कुठेतरी आपल्यालाही ठाऊक असते.

हागारेची विहीर

मालिका लिहिणाऱ्यांना आज जे सुचले ते पवित्र शास्त्राने पहिल्याच पुस्तकात करून ठेवले आहे. उत्पत्तीचा सोळावा आणि एकविसावा अध्याय घरी काढून वाचा.

अब्राम आणि साराय यांना मूल नव्हते. कनान देशात येऊन दहा वर्षे झाली होती. सारायने आपली मिसरी दासी हागार नवऱ्याला दिली. तिला कोणी विचारले? शास्त्रात तसे काही लिहिलेले नाही. हागार गरोदर राहिली आणि मालकिणीला कमी लेखू लागली. शास्त्र हेही लपवत नाही. हागारेला ते देवी करत नाही. साराय संतापली आणि नवऱ्याला बोल लावू लागली. अब्रामाने काय केले? दासी तुझी आहे, तुला हवे ते कर, असे सांगून तो मोकळा झाला. एवढा मोठा श्रद्धावंत पुरुष, पण या प्रसंगी त्याने हात झटकले. सारायने तिचा छळ केला आणि ती गरोदर बाई रानात पळाली.

हा अध्याय नीट वाचलात तर एक गोष्ट लक्षात येईल. साराय तिच्याविषयी बोलते तेव्हा 'माझी दासी' म्हणते. अब्राम बोलतो तेव्हा 'तुझी दासी' म्हणतो. दोघांच्या तोंडी एकदाही तिचे नाव येत नाही. तिला नावाने पहिली हाक मारतो तो देवाचा दूत, रानात, झऱ्याकाठी. आणि हाक मारून तो तिला दोन प्रश्न विचारतो: कुठून आलीस आणि कुठे चाललीस? म्हणजे तिच्या मागे काहीतरी घडले आहे आणि तिच्या पुढेही काहीतरी आहे, हे तो धरून चालतो. जिला आपण 'तसली' म्हणतो तिच्या बाबतीत हेच दोन प्रश्न आपण कधी विचारत नाही.

आणि मग ही दासी, ही परदेशी, ही सवत ठरलेली बाई देवाला नाव देते. 'मला पाहणारा देव' असे ती त्याला म्हणते. अब्रामाला जे करावेसे वाटले नाही ते हागारेने केले. त्या विहिरीलाही पुढे त्यावरूनच नाव पडले.

काही वर्षांनी इसहाक जन्मला आणि हागारेला मुलासकट घराबाहेर काढण्यात आले. थोडी भाकर आणि पाण्याची एक पखाल एवढेच तिच्या खांद्यावर होते. बैरशेब्याच्या रानात पाणी संपले. तिने मुलाला झुडपाखाली ठेवले आणि बाण जाईल इतक्या अंतरावर जाऊन बसली, कारण पोराचे मरण डोळ्यांनी पाहवत नव्हते. देवाने मुलाचे रडणे ऐकले, तिचे डोळे उघडले आणि तिला पाण्याची विहीर दिसली. मुलाचे नाव इश्माएल, म्हणजे 'देव ऐकतो'.

सारा ही आपल्या विश्वासाची माता. तिचेही दुःख खरे होते. वांझपणाचे टोमणे काय असतात हे आपल्या भगिनींना सांगायला नको. देवाने सारेला दिलेले वचन मोडले नाही. पण तिच्या तंबूत वचन पाळणाऱ्या देवाने रानात हागारेचे डोळेही पुसले. एकीला न्याय देण्यासाठी दुसरीला मातीमोल करावे लागत नाही.

मधोमध उभी केलेली

योहानलिखित शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातील घटना आपल्या सर्वांना पाठ आहे. शास्त्री आणि परुशी व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला मंदिरात आणतात आणि सर्वांच्या मधोमध उभी करतात. तिच्या नावाने नियमशास्त्र सांगितले जाते. पण लेवीय पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातील नियम दोघांविषयी आहे. पुरुष आणि स्त्री, दोघेही दोषी. मग तो पुरुष कुठे गेला? त्याला कोणी आणले नाही. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ साली स्त्रियांच्या प्रतिष्ठेविषयी लिहिलेल्या पत्रात नेमके या गोष्टीवर बोट ठेवले आहे. स्त्री आपल्या पापासह चारचौघांत एकटी उभी राहते आणि तितकाच जबाबदार असलेला पुरुष तिच्या मागे दडून राहतो, असे त्यांच्या म्हणण्याचे सार आहे.

आपल्या भाषेकडेच पाहा. सवत, ठेवलेली, बाहेरची, भवानी. त्या बाईसाठी आपल्याकडे शब्दांची कमतरता नाही. पुरुषासाठी 'बाहेरख्याली' हा शब्द आहे खरा, पण तो दगडासारखा लागत नाही. कित्येकदा तो हसत हसत उच्चारला जातो. मालिकेतही अनिरुद्ध आपल्या आईवडिलांच्या घरातच राहिला. घर सोडले ते अरुंधतीने. गावातही असेच होते. वर्षभराने तो लग्नात पहिल्या पंगतीला दिसतो आणि ती मात्र मासळीबाजारात मान खाली घालून चालते.

येशू काय करतो? तो खाली वाकतो आणि जमिनीवर लिहितो. काय लिहिले ते शुभवर्तमान सांगत नाही. पण सगळे डोळे तिच्यावर रोखलेले असताना एक तरी नजर तिच्यावरून हटली. निष्पाप असेल त्याने सुरुवात करावी असे तो म्हणतो आणि वडीलधाऱ्यांपासून एकेक जण निघून जातो. तोवर त्या बाईशी कोणी बोललेले नसते. सगळे तिच्याविषयी बोललेले असतात. तिच्याशी पहिला बोलतो तो येशू. तिला उद्देशून तो जो शब्द वापरतो, 'बाई', तोच शब्द त्याने कानाच्या लग्नात आपल्या आईला उद्देशून वापरला आणि क्रूसावरूनही वापरला. मग तो सांगतो, मी तुला दोषी ठरवत नाही. जा, यापुढे पाप करू नकोस.

या दोन गोष्टी त्याने एकत्र सांगितल्या, आणि त्या आपणही वेगळ्या करू नयेत. दुसऱ्या स्त्रीचे मन समजून घेणे म्हणजे तिच्या कृत्याला आशीर्वाद देणे नव्हे. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंडविधानाचे कलम ४९७ रद्द केले आणि व्यभिचार हा कायद्याने गुन्हा राहिला नाही. सहावी आणि नववी आज्ञा मात्र रद्द झालेली नाही. वेदीसमोर दिलेले वचन मोडते तेव्हा एक पत्नी रात्र रात्र जागते, मुले शाळेत गप्प गप्प होतात, म्हातारे आईबाप चर्चला यायचे टाळतात. ज्या भगिनीवर हा प्रसंग आला आहे तिला आम्ही सांगू इच्छितो: तुमचा संताप आम्हांला समजतो. आजच्या या लिखाणातून तुमच्या जखमेला लहान करण्याचा हेतू नाही. क्षमा तुमच्याकडून कोणी जबरदस्तीने मागू शकत नाही; तिला वेळ लागतो आणि कृपाही लागते. पण तुमच्या दुःखाच्या नावाने आम्ही बाकीचे जे दगड उचलतो, त्यांनी तुमचे दुःख हलके होत नाही. आम्हांला फक्त तमाशा मिळतो.

नाव न लिहिलेली

संत ऑगस्टीन यांचे जीवन आपल्याला परिचित आहे. परिवर्तनापूर्वी ते सुमारे पंधरा वर्षे एका स्त्रीबरोबर लग्नाशिवाय राहिले. तिच्यापासून त्यांना मुलगा झाला, अदेओदातुस, म्हणजे 'देवाने दिलेला'. मिलान शहरात असताना संत मोनिका यांनी मुलासाठी प्रतिष्ठित घराण्यातील वधू पाहिली. तेव्हा या स्त्रीला बाजूला करून आफ्रिकेत परत पाठवण्यात आले. मुलगा वडिलांजवळ राहिला. आपण पुन्हा कोणा पुरुषाजवळ जाणार नाही, असे व्रत घेऊन ती गेली. आणि ऑगस्टीन? वधू वयात येण्यासाठी दोन वर्षे थांबायचे होते. तेवढेही त्यांना थांबवले नाही, त्यांनी दुसरी स्त्री जवळ केली. हे सगळे त्यांनी स्वतःच 'कन्फेशन्स' या आपल्या ग्रंथात लिहिले आहे. तिला तोडताना आपले काळीज रक्तबंबाळ झाले आणि तिच्याइतके धैर्य आपल्यात नव्हते, असेही ते सांगतात. फक्त तिचे नाव मात्र त्यांनी लिहिलेले नाही.

ऑगस्टीन ३८७ साली स्नानसंस्कार घेऊन पुढे ख्रिस्तसभेचे थोर आचार्य झाले. मोनिका संत झाल्या. त्या स्त्रीचे पुढे काय झाले हे इतिहासाला ठाऊक नाही. पण 'मला पाहणारा देव' असे ज्याला हागारेने म्हटले, त्याला ते ठाऊक आहे. महान संताच्या आयुष्यातही एक अशी बाई असते, जिला लोक विसरले आणि देव विसरला नाही.

आपल्या धर्मग्रामात

आता आपल्याकडे वळू. या रविवारी मिस्सेला कोणीतरी शेवटच्या बाकावर बसले असेल आणि ख्रिस्तप्रसादाच्या वेळी जागेवरून उठले नसेल. तिने का उठू नये हे विचारणे आपले काम नाही. तिला धक्का न लावता वाट करून देणे आणि मिस्सा संपल्यावर 'कशी आहेस?' एवढे विचारणे हे आपले काम आहे.

या चाळीस दिवसांसाठी आम्ही तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, जिभेचा उपवास. ख्रिस्तसभेची धर्मशिकवण सांगते की एखाद्याचा दोष खरा असला तरी, योग्य कारण नसताना, ज्यांना तो माहीत नाही त्यांना तो सांगणे हे पाप आहे. 'आम्ही काही खोटे सांगितले नाही' ही सबब इथे चालत नाही. मासळीबाजारात, ओटीवर, मोबाइलवरच्या गटात विषय निघाला की तिथेच थांबावे. संत थॉमस अक्वायनस यांनीही सांगून ठेवले आहे की शंका असेल तिथे माणसाच्या वागण्याचा चांगला अर्थ लावावा. चुकून एखाद्या वाईट माणसाविषयी चांगले मत झाले तरी चालेल. चांगल्याविषयी वाईट मत झाले तर तो अन्याय ठरतो.

दुसरी गोष्ट मुलांची. मोठ्यांच्या पापाची शिक्षा धर्मशिक्षण वर्गात बसलेल्या लेकरांना मिळता कामा नये. इश्माएलाचे रडणे देवाने ऐकले. 'तुझी आई अशी आहे' हे वाक्य कोणाच्याही मुलाच्या तोंडून ऐकू आले, तर ते त्याने कोणाकडून ऐकले हे आपल्याला ठाऊक आहे. अशा घरातले मूल आपल्या मुलाच्या वाढदिवसाला बोलवा. बाकी काही करू नका, एवढे करा.

तिसरी, त्या दोघांसाठी. ज्या पुरुषाला हे वाचताना अस्वस्थ वाटत असेल त्याला आम्ही बंधू म्हणून सांगतो: कोणाच्या मागे दडू नका. दोन घरांना आशेवर झुलवत ठेवणे हे प्रेम नव्हे. आणि ज्या भगिनीला वाटत असेल की आपल्याला चर्चची पायरी चढण्याचा हक्क नाही, तिला आम्ही सांगतो: तो हक्क कोणी काढून घेतलेला नाही. घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केलेल्यांनीही स्वतःला ख्रिस्तसभेपासून तुटलेले समजू नये, मिस्सेला यावे, प्रार्थना करावी, मुलांना श्रद्धेत वाढवावे, असे १९८१ सालीच पोप जॉन पॉल दुसरे यांनी लिहिले आहे. तुम्ही या. प्रायश्चित्त संस्कारासाठी या, किंवा सध्या ते जमत नसेल तर नुसते बोलायला या. आमच्या कार्यालयाचे दार उघडे आहे. कुठून आलात आणि कुठे जायचे आहे, एवढेच आम्ही विचारू. वाट कठीण असेल आणि काही सोडावे लागेल, हेही आम्ही लपवणार नाही.

ज्यांना मालिका सोडायच्या आहेत त्यांनी खुशाल सोडाव्यात. ज्यांना सोडवत नाहीत त्यांनी पडद्यावर 'ती' आली की मनातल्या मनात एक 'नमो मरिया' म्हणावी. त्या नटीसाठी नव्हे, आपल्या गावातल्या ज्या बाईची त्या क्षणी आठवण झाली तिच्यासाठी. चाळीस दिवस हे करून पाहा. ईस्टरच्या रविवारी तुमच्या हातातला दगड कधी गळून पडला हे तुमचे तुम्हांलाच कळणार नाही.

हे पाहणाऱ्या देवा, रानात हागारेला तू नावाने हाक मारलीस. आमच्यात जी फसवली गेली तिचे अश्रू पूस, जी चुकली तिला परत येण्याची वाट दाखव, जो दडून बसला आहे त्याला बाहेर येण्याचे धैर्य दे, आणि बघत उभ्या असलेल्या आम्हां सर्वांचे हात रिकामे कर. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे आम्ही ही प्रार्थना करतो. आमेन.

प्रभूच्या सेवेत आपले,
प्रमुख धर्मगुरू